बारा जागा: अमेरिकेचा बास्केटबॉल संघ कसा निवडला जातो

ऑलिंपिक असो वा विश्वचषक, बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघात बाराच खेळाडू घेता येतात. स्पर्धा सुरू होण्याआधी ही यादी पक्की होते आणि एकदा सामने सुरू झाले की कोणी आजारी पडो वा जायबंदी होवो, उरलेल्यांवर भागवावे लागते. बहुतेक देशांना या बारा जागा भरण्याइतके चांगले खेळाडू शोधतानाच दमछाक होते. अमेरिकेची अडचण नेमकी उलटी आहे. एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये 30 संघ आहेत आणि त्यांतले बहुसंख्य खेळाडू अमेरिकन आहेत. त्यांच्यातून बारा जण निवडणे म्हणजे जगातले सर्वांत सोपे काम, असे कोणालाही वाटेल. तरीही 2002, 2006, 2019 आणि 2023 च्या विश्वस्पर्धांत आणि 2004 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा पुरुष संघ हरला. प्रत्येक पराभवाचा शोध घेताना बोट शेवटी निवडीकडेच गेले. म्हणून संघनिवड ही काय चीज आहे हे समजून घ्यायला अमेरिकेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

1988 पर्यंत ऑलिंपिकला अमेरिकेचे महाविद्यालयीन खेळाडू जात. त्या वर्षी सोलमध्ये उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाने त्यांना 82-76 असे हरवले आणि अमेरिकेला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1989 मध्ये, म्युनिकच्या बैठकीत फिबा या जागतिक संघटनेने 56 विरुद्ध 13 मतांनी एनबीएच्या खेळाडूंना दरवाजे उघडले. सोलच्या पराभवामुळे अमेरिकेने हा बदल घडवून आणला, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्यासाठी सर्वांत जास्त झटले ते फिबाचे युगोस्लाव सरचिटणीस बोरिस स्टँकोविच. जगातले सर्वोत्तम खेळाडू जगाच्या स्पर्धेबाहेर ठेवणे त्यांना पटत नव्हते.

यातून 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा ‘ड्रीम टीम’ म्हणून गाजलेला संघ उभा राहिला. सप्टेंबर 1991 मध्ये पहिली दहा नावे जाहीर झाली. त्यांत मॅजिक जॉन्सन, मायकेल जॉर्डन, लॅरी बर्ड, चार्ल्स बार्कली अशी एकाहून एक नावे होती. उरलेल्या दोन जागा 1992 च्या मे महिन्यात भरल्या गेल्या. एक क्लाइड ड्रेक्सलरला मिळाली, दुसरी ख्रिश्चन लेटनर या महाविद्यालयीन खेळाडूला. लेटनरसाठी शकील ओ’नीलला मागे ठेवले गेले, आणि त्यावरून आजही वाद घातला जातो. पण त्याहून मोठा वाद आयझेया थॉमसचा. डेट्रॉइट पिस्टन्सला लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून देणारा हा कर्णधार संघात नव्हता आणि संघाचे प्रशिक्षक होते त्याचेच पिस्टन्समधले गुरू चक डेली. पिस्टन्सचे महाव्यवस्थापक जॅक मॅक्लोस्की यांनी या निर्णयाच्या निषेधार्थ निवड समितीचा राजीनामा दिला. थॉमस असेल तर आपण खेळणार नाही, असे जॉर्डनने कळवले होते. हे त्याच्याच आवाजातल्या एका जुन्या मुलाखतीतून पुढे उघड झाले. संघ मात्र इतका बलाढ्य होता की ही चूक होती की नव्हती, हे मैदानावर कधी ठरलेच नाही. अंतिम सामन्यात क्रोएशियावर 117-85 अशी मात करेपर्यंत डेली यांनी एकदाही टाइमआउट घेतला नाही आणि सामने सरासरी 44 गुणांच्या फरकाने जिंकले गेले. या यशाने एक चुकीचा धडा मात्र अमेरिकेच्या डोक्यात बसला: सर्वांत मोठी नावे गोळा करा, बाकी सारे आपोआप जुळून येईल.

दहा वर्षे तो धडा चालून गेला. 2002 ची विश्वस्पर्धा इंडियानापोलिसला, म्हणजे घरच्याच मैदानावर होती. तिथे अमेरिका अर्जेंटिना, युगोस्लाव्हिया आणि स्पेन या तिघांकडून हरून सहाव्या क्रमांकावर घसरली. दोन वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकमध्ये जे झाले ते अधिक बोलके आहे. आदल्या उन्हाळ्यात पात्रता फेरी खेळलेल्या संघातल्या बहुतेकांनी अथेन्सला जायला नकार दिला. जेसन किड, ट्रेसी मॅक्ग्रेडी, व्हिन्स कार्टर, रे ॲलन यांपैकी कोणीच नव्हते. मग मिळतील त्या चांगल्या खेळाडूंनी जागा भरल्या गेल्या. ॲलन आयव्हर्सन आणि स्टीफन मार्बरी हे चेंडू आपल्याच हाती ठेवून खेळणारे, लमार ओडम आणि शॉन मॅरियन हे रिंगजवळ धोकादायक, टिम डंकन मध्यभागी. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड, कार्मेलो अँथनी हे तिघे अजून कोवळे होते आणि बहुतेक वेळ बाकावर बसले. या यादीत लांबून हमखास नेम साधणारा एकही नव्हता. पोर्टो रिकोने हे लगेच हेरले. त्यांचे पाचही जण रिंगभोवती कोंडाळे करून उभे राहिले आणि अमेरिकेला लांबून फेकायला त्यांनी जणू आमंत्रणच दिले. तीन गुणांच्या रेषेबाहेरून अमेरिकेने 24 वेळा नेम धरला आणि तीनदाच चेंडू आत गेला. सामना 92-73 असा हातचा गेला. उपांत्य फेरीत अर्जेंटिनासमोर डंकन पाच फाउल होऊन बाहेर पडला आणि सुवर्णपदकाची आशा तिथेच संपली. एनबीएमध्ये सहा फाउलची मुभा असते, फिबाच्या सामन्यांत पाचावरच घरी.

या एका आकड्यामागे मोठा विषय दडलेला आहे. फिबाच्या नियमांनी खेळला जाणारा बास्केटबॉल आणि एनबीएचा बास्केटबॉल हे दिसायला एकच असले तरी निवडीच्या दृष्टीने दोन वेगळे खेळ आहेत. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, फिबाचा 40. तीन गुणांची रेषा एनबीएत समोरून सव्वासात मीटरच्या आसपास, फिबात 6.75 मीटर, अथेन्सच्या काळात तर ती 6.25 मीटरवरच होती. एनबीएत बचाव करणाऱ्या खेळाडूला कोणालाही न रोखता रिंगखालच्या आयतात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फिबात तसे बंधन नाही. त्यामुळे युरोपातला उंचापुरा सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसतो आणि एनबीएत ज्या धडाक्याने खेळाडू आत घुसतात ती वाटच बंद होते. फिबात चेंडू रिंगला लागला की तो रिंगच्या वर असतानाही कोणीही हात घालू शकतो. एनबीएत तो गुन्हा आहे. एनबीएत खेळाडू स्वतः टाइमआउट मागू शकतो, फिबात तो हक्क प्रशिक्षकाचाच. या साऱ्याचा परिणाम असा की एनबीएत 25 गुण करणारा खेळाडू इथे दहावर अडकू शकतो, आणि तिथे दुय्यम समजला जाणारा, कोपऱ्यात उभा राहून मिळालेला चेंडू अचूक फेकणारा, इथे अनमोल ठरतो.

अथेन्सनंतर अमेरिकेने निवडीची पद्धतच बदलली. 2005 मध्ये जेरी कोलँजेलो यांच्याकडे पुरुष संघाची सूत्रे आली. समितीत मते घेऊन संघ ठरवणे बंद झाले आणि शेवटचा शब्द एका माणसाचा झाला. प्रशिक्षक म्हणून ड्यूक विद्यापीठाचे माईक क्रिझेव्स्की आले. खेळाडूंसमोर एकच अट ठेवली गेली: एका उन्हाळ्यापुरते नको, तीन वर्षांसाठी शब्द द्या. पंचवीस-तीस जणांचा मोठा गट आधी तयार करायचा, त्यांना वर्षानुवर्षे शिबिरांत एकत्र ठेवायचे आणि त्यांच्यातूनच बारा निवडायचे, अशी ही पद्धत. ती लगेच फळली नाही. 2006 मध्ये जपानमधल्या विश्वस्पर्धेत ग्रीसने उपांत्य फेरीत अमेरिकेला 101-95 असे हरवले. ग्रीक संघ एकच चाल पुन्हा पुन्हा खेळत होता. उंच खेळाडू चेंडूवाल्याच्या रक्षकाला आडवा यायचा, रक्षक त्याच्यावर अडखळायचा, चेंडूवाला मोकळा सुटायचा आणि तो स्वतः आत घुसायचा किंवा त्याच उंच खेळाडूकडे पास द्यायचा. अमेरिकेला ती शेवटपर्यंत थोपवता आली नाही. एकत्र बचाव करण्याची सवय काही आठवड्यांत लागत नाही, हे तेव्हा उघड झाले.

पुढच्या दोन वर्षांत कोलँजेलो यांनी जी भर घातली ती पाहण्यासारखी आहे. जेसन किड आणि कोबी ब्रायंट आले. किडला फार गुण करायचे नव्हते. कोण कुठे उभा आहे हे पाहून चेंडू पोचवणे आणि तरुणांना शांत ठेवणे एवढेच त्याचे काम. कोबीने प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम गार्डला रोखण्याची जबाबदारी मागून घेतली. लांबून फेकण्यासाठी मायकेल रेड, लांब हातांच्या बचावासाठी टेशॉन प्रिन्स. सेंटर म्हणावा असा ड्वाइट हॉवर्ड एकटाच होता. त्याला पर्याय म्हणून ख्रिस बॉशला उभे केले, ते त्याच्या चपळाईमुळे. 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये स्पेनला 118-107 असे हरवून सुवर्ण परत आले. तारांकित नावे याही संघात होती, पण यादीतल्या प्रत्येक नावासमोर त्याचे काम लिहिता येत होते. 2004 च्या यादीबद्दल तसे म्हणता येत नाही.

कामे वाटण्यामागे साधे गणित आहे. चाळीस मिनिटे, एका वेळी पाच जण मैदानावर, म्हणजे वाटायला एकूण 200 मिनिटे. बारा जणांत ती समान वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सतरा मिनिटेही येत नाहीत, आणि समान वाटून कोणी मोठी स्पर्धा जिंकत नाही. बाद फेरीत आठ-नऊ जणच खरे खेळतात. उरलेले तिघे-चौघे आपापल्या एनबीए संघात सर्वस्व असतात आणि इथे टाळ्या वाजवत बसतात. म्हणून अकरावा आणि बारावा खेळाडू निवडताना त्याची गुणसंख्या पाहिली जातेच, पण तो न खेळता शिबिरात जीव ओतून सराव करेल का, हेही तितकेच पाहिले जाते. पहिल्या आठ नावांवर सहसा कोणाचेच दुमत नसते. निवड करणाऱ्याची खरी परीक्षा या शेवटच्या चार जागांवर होते.

कागदावरची यादी आणि विमानात बसणारी यादी यांत मात्र मोठे अंतर असते. एनबीएचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि अंतिम मालिका जूनपर्यंत लांबते. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिक आले तेव्हा ती मालिका जुलैत संपली. डेव्हिन बुकर, जू हॉलिडे आणि ख्रिस मिडलटन हे तिघे ती खेळून थेट जपानला पोचले आणि लगेच फ्रान्सविरुद्ध पहिल्या सामन्यात उतरले. तो सामना अमेरिका 83-76 असा हरली. सुवर्णपदक नंतर त्याच फ्रान्सला हरवून मिळाले. त्याआधी संघातून ब्रॅडली बील आणि केव्हिन लव्ह बाहेर पडले होते आणि त्यांच्या जागी केल्डन जॉन्सन आणि जवेल मॅगी ऐनवेळी आले होते. विश्वचषकाला तर ऑलिंपिकची झळाळीही नसते. 2019 मध्ये चीनला जायला एकामागून एक इतक्या जणांनी नकार दिला की आदल्या मोसमाचा ऑलस्टार सामना खेळलेले केम्बा वॉकर आणि मिडलटन हे दोघेच संघात उरले. अमेरिका सातव्या क्रमांकावर राहिली.

शिवाय विम्याचा प्रश्न आहे. एनबीएच्या खेळाडूचा करार कोट्यवधी डॉलरचा असतो आणि तो देशासाठी खेळताना जखमी झाला तर ते नुकसान कोणी भरायचे, यासाठी राष्ट्रीय महासंघाला विमा उतरवावा लागतो. अमेरिकेला तो परवडतो. जर्मनीचा डेनिस श्रोडर 2021 मध्ये या खर्चापायी टोकियोला जाऊ शकला नाही. त्याच जर्मनीत प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांनी नंतर खेळाडूंकडून तीन उन्हाळ्यांचा शब्द घेतला आणि 2023 चा विश्वचषक एकही सामना न गमावता जिंकला. उपांत्य फेरीत अमेरिकेला 113-111 असे हरवून. त्या अमेरिकन संघात तरुण आणि चपळ खेळाडू भरपूर होते, पण रिंगखाली रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत आलेल्या चेंडूसाठी, झगडणारे अंगाने दणकट खेळाडू कमी होते. लिथुआनियाने गटफेरीतच ही उणीव दाखवून दिली होती. कांस्यपदकाच्या सामन्याला तिघे आजारपणामुळे उतरू शकले नाहीत आणि कॅनडाने जादा वेळेत तेही पदक नेले.

आणखी एक गोष्ट बाहेरून फारशी दिसत नाही. 2017 पासून विश्वचषकाचे पात्रता सामने वर्षभरात वेगवेगळ्या तारखांना, नोव्हेंबर-फेब्रुवारीतही, खेळवले जातात. त्या वेळी एनबीए ऐन भरात असते. म्हणून ते सामने अमेरिकेतर्फे एनबीएच्या खालच्या पायरीवरच्या जी-लीगमधले किंवा परदेशातल्या क्लबांत खेळणारे खेळाडू खेळतात. विश्वचषकाची जागा ते मिळवतात आणि मुख्य स्पर्धेला दुसरेच जातात. या खेळाडूंची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

कोण कोणत्या देशाकडून खेळू शकतो, याचे नियम वेगळे. फिबाच्या नियमानुसार वयाची 16 वर्षे पूर्ण झाल्यावर नागरिकत्व घेतलेला खेळाडू संघात एकच असू शकतो. सतराव्या वाढदिवसानंतर एखाद्या देशाकडून अधिकृत स्पर्धा खेळली की पुढे देश बदलायला फिबाची परवानगी लागते. फिलिपिन्सने या एका जागेवर जॉर्डन क्लार्कसनला आणले, स्पेनने लोरेन्झो ब्राउनला आणि त्याच्यासह 2022 ची युरोपीय स्पर्धा जिंकली. कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या जोएल एम्बीडकडे फ्रान्स आणि अमेरिका या दोन्ही देशांचे नागरिकत्व होते. त्याने अमेरिका निवडली आणि फ्रान्समधले प्रेक्षक 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची चेंडूगणिक हुर्यो उडवत राहिले. भारतासमोर हा पर्यायच नाही. दुहेरी नागरिकत्व नसल्याने आणि केंद्र सरकारच्या 2008 च्या धोरणामुळे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारताकडून खेळता येत नाही. एनबीएत खेळलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू सिम भुल्लर टोरोंटोचा. तो कॅनडाकडून खेळला.

पॅरिसची 2024 ची निवड या साऱ्या अनुभवातून झाली. व्यवस्थापकीय संचालक ग्रँट हिल यांनी जानेवारीत 41 नावांचा गट जाहीर केला आणि एप्रिलमध्ये बारा जण ठरवले. 2023 च्या विश्वचषकातली उणीव भरून काढायला एम्बीड, अँथनी डेव्हिस आणि बॅम अडेबायो असे तीन मोठ्या चणीचे खेळाडू घेतले. लेब्रॉन 39 वर्षांचा, केव्हिन ड्युरँट 35, स्टीफन करी 36 आणि करीचे हे पहिलेच ऑलिंपिक. जुलैत कवाय लिओनार्डने माघार घेतली तेव्हा जागा मिळाली एनबीएतल्या बोस्टन संघाच्या डेरिक व्हाइटला, जो गुणांसाठी नव्हे तर बचावासाठी ओळखला जातो. त्याच बोस्टनला जेतेपद मिळवून देणारा आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जेलेन ब्राउन डावलला गेला आणि त्याने नाराजी लपवली नाही. हिल यांचा निर्णय योग्यच होता. ब्राउनसारखे बाहेरून आत घुसणारे संघात आधीच चार होते.

बारा नावे कशी वापरायची हे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी दाखवले. लील शहरात सर्बियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात बोस्टनचाच जेसन टेटम एक सेकंदही मैदानात उतरला नाही. दुखापतीतून परतलेला ड्युरँट बदली खेळाडू म्हणून आला आणि त्याने 23 गुण केले. पुढचा सामना दक्षिण सुदानशी होता. त्या चपळ संघाने अकरा दिवस आधी लंडनच्या सराव सामन्यात अमेरिकेला 101-100 पर्यंत ओढत नेले होते. या वेळी कर यांनी धिम्या एम्बीडला पूर्ण बसवले आणि टेटमला सुरुवातीच्या पाचांत घेतले. उपांत्य फेरीत पुन्हा सर्बिया आणि त्यांचा सेंटर निकोला योकिच समोर आले, तेव्हा एम्बीड मैदानात होता, त्याने 19 गुण केले आणि टेटम पुन्हा बाकावर गेला. अमेरिका 17 गुणांनी मागे होती. करीने 36 गुण करून सामना 95-91 असा खेचून आणला. अंतिम सामन्यात फ्रान्सवर 98-87 असा विजय मिळाला, त्यात करीने तीन गुणांच्या आठ बास्केट केल्या. टेटमवरून प्रशिक्षकांवर टीकेची झोड उठली, पण ती करणाऱ्यांनी 200 मिनिटांचे गणित मांडून पाहिले नव्हते.

महिला संघाची निवड त्या वेळी अजून समितीच करत होती. 2024 च्या समितीने कॅटलिन क्लार्कला घेतले नाही आणि अमेरिकेत गदारोळ झाला. क्लार्क 22 वर्षांची, महाविद्यालयीन बास्केटबॉलमधले विक्रम मोडून नुकतीच व्यावसायिक झालेली, आणि तिच्या सामन्यांना प्रेक्षागारे भरत होती. वरिष्ठ संघाच्या एप्रिलच्या शिबिराला ती हजर राहू शकली नव्हती, कारण त्याच दिवसांत तिचा आयोवा संघ महाविद्यालयीन स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात खेळत होता. समितीने अनुभव आणि एकत्र खेळण्याची सवय यांना वजन दिले. 42 वर्षांची डायना टोरासी सहाव्यांदा ऑलिंपिकला गेली. लोकप्रियतेला यादीत जागा नसावी, ही समितीची भूमिका बरोबर होती. पण अंतिम सामन्यात टोरासीला मैदानात उतरवलेच नाही, तेव्हा त्या जागेवर एखादी तरुण मुलगी शिकली असती, या म्हणण्यातही तथ्य आहे. तो सामना अमेरिकेने फ्रान्सविरुद्ध 67-66 असा जिंकला. शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने लांबून बास्केट केली, पण तिचा पाय रेषेवर असल्याने तीनऐवजी दोनच गुण मिळाले आणि अमेरिकेचे सलग आठवे सुवर्ण वाचले. मे 2025 मध्ये महिला संघाची समितीपद्धतही बंद झाली. पुरुष संघाप्रमाणेच तिथेही व्यवस्थापकीय संचालकाचे पद निर्माण झाले आणि त्यावर ऑलिंपिकची पाच सुवर्णपदके जिंकलेली सू बर्ड नेमली गेली.